व्यक्तिमत्त्व : वागण्याचे कारण की वागण्याला दिलेले नाव?

दूरशिक्षणार्थी

सर्वांना नमस्कार.

नोकरी सांभाळून मी मानसशास्त्राच्या एम.ए.चा अभ्यास करत आहे आणि ‘व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त’ या विषयाशी गेले दोन महिने माझी झटापट चालू आहे. अडचण पाठांतराची नाही, समजण्याची आहे. फ्रॉइड यांचे प्रकरण वाचावे, तर व्यक्तिमत्त्व म्हणजे इदम् (आदिम वासना), अहम् (व्यवहार पाहणारा ‘मी’) आणि पराहम् (मनातील नैतिक पहारेकरी) यांच्यातील न संपणारी ओढाताण. रॉजर्स यांच्याकडे वळावे, तर माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा आणि त्याचा प्रत्यक्ष अनुभव यांचा मेळ हाच सगळ्याचा गाभा. कॅटेल यांच्याकडे ते 16 घटकांचे कोष्टक होते आणि वागणे बाहेरच्या परिणामांनीच घडते असे मानणाऱ्या स्किनर यांच्यापाशी पोहोचेपर्यंत ‘व्यक्तिमत्त्व’ ही कल्पनाच अनावश्यक ठरते. एकाच वस्तूविषयीचे हे परस्परविरोधी सिद्धान्त आहेत, की एका शब्दाच्या आडोशाने चाललेल्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत?

दुसरी शंका मला अधिक छळते. आमच्या कार्यालयातील एक सहकारी जेवणाच्या सुट्टीतही कोणाशी बोलत नाहीत. असे का, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘ते अंतर्मुख आहेत.’ ते अंतर्मुख आहेत हे कशावरून? तर ते कोणाशी बोलत नाहीत यावरून! हे स्पष्टीकरण झाले, की ज्याचे स्पष्टीकरण हवे होते त्यालाच दिलेले एक भारदस्त नाव झाले?

हे सुचण्यास एक निमित्तही घडले. मागच्या वर्षी आमच्याकडे एक प्रशिक्षण झाले. त्यात एक प्रश्नावली भरून घेऊन प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचा एक ‘प्रकार’ देण्यात आला. आठ महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तेव्हा माझे एक अक्षर बदलले. माझ्या मते मी बदललो नव्हतो. मग बदलले काय?

जाणकारांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

---

अध्यापक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातच असायला हवे होते, परंतु बहुतेक पुस्तके तेथे व्याख्यांची यादी देऊन पुढे सरकतात. मी महाविद्यालयात हा विषय अनेक वर्षे शिकवला आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तेच केले, हे कबूल करतो.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1937 मध्ये या विषयावरचा आपला पायाभूत ग्रंथ लिहिला, तेव्हा धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, कायदा, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांतून त्यांनी जवळपास पन्नास व्याख्या गोळा केल्या होत्या. रंगभूमीवरच्या मुखवट्यासाठी असलेल्या ‘पर्सोना’ या लॅटिन शब्दापासून त्यांनी सुरुवात केली आणि शेवटी स्वतःची व्याख्या दिली. तिचा आशय असा, की व्यक्तीच्या ठायी असलेल्या ज्या मनोशारीरिक यंत्रणा परिस्थितीशी तिचे खास तिचे असे समायोजन ठरवतात, त्यांची गतिमान संघटना म्हणजे व्यक्तिमत्त्व. या व्याख्येत तीन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. व्यक्तिमत्त्व माणसाच्या आत आहे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नाही. ते मन आणि शरीर दोन्हींचे आहे. आणि ते वागणे ‘ठरवते’, म्हणजे ते कारण आहे. आपली दुसरी शंका नेमकी या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवते.

वीस वर्षांनी, 1957 मध्ये, हॉल आणि लिंडझी यांनी मात्र सर्वांना लागू पडेल अशी व्याख्या करण्याचा नादच सोडून दिला. निरीक्षक जो सिद्धान्त स्वीकारतो त्यातील संकल्पनांनीच व्यक्तिमत्त्वाची व्याख्या होते, अशी त्यांची भूमिका होती. विद्यार्थ्यांना ही पळवाट वाटते. मला मात्र ती या विषयातील सर्वांत प्रामाणिक भूमिका वाटते, कारण कोणता सिद्धान्त कोणत्या खोलीत जन्मला हे पाहिले, की त्यांचे भांडण पुष्कळसे निवळते. फ्रॉइड यांच्यासमोर व्हिएन्नातील रुग्ण होते. हाताला इजा नसताना हात हलत का नाही, हे त्यांना उलगडायचे होते, आणि त्यासाठी नेणिवेतील संघर्षाची भाषा त्यांना लागली. रॉजर्स यांच्यासमोर समुपदेशनासाठी आलेली, बदलू इच्छिणारी माणसे होती. कॅटेल यांच्यासमोर माणूस नव्हताच, त्यांच्यासमोर आकड्यांचा तक्ता होता आणि माणसे एकमेकांपासून किती दिशांनी वेगळी असतात, एवढेच त्यांना मोजायचे होते. एक प्रश्न ‘या माणसाच्या आत काय चालले आहे?’ असा आहे आणि दुसरा ‘हा माणूस त्या माणसाहून कशात वेगळा आहे?’ असा. दोन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. क्लकहोन आणि मरी यांनी 1948 मध्ये म्हटले होते, की प्रत्येक माणूस काही बाबतीत सर्व माणसांसारखा असतो, काही बाबतीत काही माणसांसारखा असतो आणि काही बाबतीत कोणासारखाच नसतो. एवढे सूत्र हाताशी ठेवून प्रत्येक सिद्धान्ताला विचारावे, ‘बाबा, तू या तिन्हींपैकी कशाबद्दल बोलतो आहेस?’ स्किनर यांचे उत्तर पहिल्यात बसते, कॅटेल यांचे दुसऱ्यात. फ्रॉइड पहिल्यात आणि तिसऱ्यात पाय ठेवून उभे आहेत आणि म्हणूनच ते पकडीत येत नाहीत.

येथे एक किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. बावीस वर्षांचे ऑलपोर्ट 1920 मध्ये व्हिएन्नाला फ्रॉइड यांना भेटायला गेले. फ्रॉइड काहीच बोलेनात, तेव्हा अवघडलेल्या ऑलपोर्ट यांनी ट्राममध्ये नुकताच पाहिलेला एक लहान मुलगा वर्णन केला, ज्याला घाणीची विलक्षण भीती होती आणि ज्याची आई फार टापटिपीची दिसत होती. फ्रॉइड यांनी शांतपणे विचारले, ‘तो लहान मुलगा तुम्हीच होता का?’ खोलात बुडी मारण्यापूर्वी समोर दिसणारे हेतू आधी पाहावेत, हे मत आपल्या मनात पक्के होण्यास ही भेट कारणीभूत ठरली, असे ऑलपोर्ट यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. गुणविशेषांच्या, म्हणजे स्वभावातील टिकाऊ गुण मोजू पाहणाऱ्या, संपूर्ण परंपरेच्या मुळाशी हा ट्राममधला मुलगा आहे, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

आता आपल्या वर्तुळाविषयी. ‘बोलत नाही म्हणून अंतर्मुख, अंतर्मुख म्हणून बोलत नाही’ हे वर्तुळ खरेच आहे आणि गुणविशेषवाद्यांनी ते तीन प्रकारे हाताळले आहे. काहींनी ते सरळ मान्य केले. बस आणि क्रेक यांनी 1983 मध्ये अशी मांडणी केली, की गुणविशेष हा कृतींचा सारांश आहे. ‘वर्चस्व गाजवणारा’ म्हणजे ठराविक काळात तशा कृती इतरांपेक्षा अधिक वेळा करणारा, त्यापलीकडे काही नाही. येथे शब्द नाव आहे, कारण नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ‘कोकणातील हवा दमट आहे’ हाही सारांशच आहे, पण छत्री घेऊन निघणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग हान्स आयझेंक यांचा. वर्तुळ तोडायचे असेल, तर अंतर्मुखतेचा पुरावा बोलण्या-न-बोलण्याच्या बाहेर कोठेतरी सापडला पाहिजे. 1967 मध्ये त्यांनी मांडले, की अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक उत्तेजित अवस्थेत असतो, त्यामुळे तिला बाहेरचा गलबला लवकर नकोसा होतो, तर बहिर्मुखाला तो हवाहवासा वाटतो. याची एक गमतीदार तपासणी म्हणजे जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून किती लाळ सुटते ते मोजणे. अंतर्मुखांना अधिक लाळ सुटावी हे भाकीत होते आणि त्या प्रयोगात ते खरे उतरले. पुढच्या संशोधनात हे चित्र इतके स्वच्छ राहिले नाही. विश्रांतीच्या अवस्थेत दोघांच्या मेंदूंत ठळक फरक सातत्याने सापडला नाही, फरक आढळतो तो मुख्यतः उद्दीपनाला मिळणाऱ्या प्रतिसादात. तरीही आपल्या शंकेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की येथे सिद्धान्त चुकू शकतो. जो सिद्धान्त चुकू शकतो तो नुसते नाव नसतो.

तिसरा मार्ग जुळ्यांच्या अभ्यासाचा. एकसारखी जुळी आणि भिन्न जुळी यांच्या तुलनेतून असे दिसते, की लोकसंख्येतील गुणविशेषांच्या फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के वाटा आनुवंशिक फरकांशी निगडित आहे. हा आकडा माणसामाणसांतील फरकांचा आहे. ‘माझ्या अंतर्मुखतेतील अर्धी आईवडिलांकडून आली’ असा त्याचा अर्थ होत नाही, आणि परीक्षेत ही चूक हमखास होते.

चार अक्षरांच्या प्रश्नावलीविषयी थोडक्यात. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंग यांच्या 1921 च्या प्रकारकल्पनेवरून तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तो दोष मी मानत नाही, दोष दुसरीकडे आहे. माणसांचे गुण मोजले तर बहुसंख्य माणसे मध्याच्या आसपास असतात आणि टोकाला थोडीच असतात. अशा वाटणीवर बरोबर मध्यभागी रेघ मारून अलीकडचे ‘अंतर्मुख’ आणि पलीकडचे ‘बहिर्मुख’ ठरवले, की रेघेजवळ उभा असलेला माणूस दोन-तीन प्रश्नांच्या उत्तरांनी पलीकडे जातो. आपण बदलला नाहीत. आपण रेघेवर राहता, इतकेच.

---

कोशवाचक

मी मानसशास्त्राचा नव्हे, भाषेचा माणूस आहे. परंतु या विषयाचा एक धागा थेट शब्दकोशातून निघतो, म्हणून लिहितो.

माणसाच्या स्वभावातील जे फरक लोकांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे वाटतात, त्यांना भाषा कधी ना कधी शब्द देतेच, असे गृहीत धरले तर स्वभावाचा नकाशा काढण्यासाठी प्रयोगशाळेआधी कोश उघडायला हवा. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1884 मध्ये इंग्रजीच्या एका समानार्थी कोशात स्वभावदर्शक असे सुमारे हजार शब्द असावेत, असा अंदाज केला. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी 1936 मध्ये मोठा इंग्रजी कोश अक्षरशः पालथा घातला आणि 17,953 शब्द वेचले. त्यांतून क्षणिक मनःस्थितीचे, निव्वळ स्तुती-निंदेचे आणि इतर शब्द बाजूला काढल्यावर टिकाऊ गुणविशेषांचे म्हणून 4,504 उरले. कॅटेल यांनी समानार्थी शब्द एकत्र करत ही यादी आधी 171 वर आणि मग 35 गटांवर आणली. पुढे अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना 1961 मध्ये अशा शब्दांवरील मूल्यांकनांत पुन्हा पुन्हा पाचच घटक दिसले. नॉर्मन यांनी 1963 मध्ये त्याला दुजोरा दिला आणि गोल्डबर्ग यांनी 1981 च्या सुमारास त्यांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिले. बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा, असे हे पाच. कोस्टा आणि मॅक्रे यांच्या प्रश्नावल्यांमुळे ते जगभर पोहोचले.

येथे मला एक खटकते आणि ते अध्यापकांनी तपासावे. पाच हा आकडा निसर्गाचा आहे की इंग्रजी कोशाचा? जितेंद्र सिंग, गिरीश्वर मिश्र आणि बूले द राड यांनी हिंदीतील स्वभावदर्शक शब्दांवर असाच अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पाच नव्हे, तीन घटकांची मांडणी अधिक पटणारी ठरली. त्या तीन घटकांचे नाते संशोधकांनी सत्त्व, रज आणि तम या त्रिगुणांशी जोडले. गीतेचा चौदावा अध्याय ज्यांच्या कानावरून गेला आहे त्यांना हे वाचून आनंद होईल, पण मी जरा सावध राहतो. भाषेत हे तीन गुण शेकडो वर्षे मुरलेले असतील, तर भाषेतील शब्द तपासल्यावर तेच हाती येणे स्वाभाविक आहे. त्यावरून हिंदी भाषकांचे स्वभाव तसे आहेत हे सिद्ध होते, की त्यांची स्वभावाविषयी बोलण्याची रीत तशी आहे हे? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बोलिव्हियातील चिमाने या शिकार व शेती करणाऱ्या समाजात पाच घटक सापडलेच नाहीत. तेथे ठळक दिसले ते दोन, इतरांच्या उपयोगी पडण्याचा आणि कष्टाळूपणाचा.

मराठीचे कोश घेऊन बसले तर काय हाती लागेल, याची मला उत्सुकता आहे. तिरसट, तुसडा, घुमा, कुढा, हेकट, हट्टी, आगाऊ, भोचक, सालस, लाघवी, खमक्या, नेभळट, मुखदुर्बळ, बोलघेवडा, धांदरट, चोखंदळ, आतल्या गाठीचा, हलक्या कानाचा, फटकळ, भिडस्त. यांतील कितीतरी शब्द इंग्रजीच्या पाच कप्प्यांपैकी एका कप्प्यात मावत नाहीत. ‘आतल्या गाठीचा’ हा अंतर्मुख खरा, पण त्यात कपटाची छटाही आहे. ‘फटकळ’ हा मनमिळाऊ नाही, पण मनात काही न ठेवणाराही आहे. ‘हलक्या कानाचा’ याला कोणत्या कप्प्यात घालाल?

---

साशंक

मूळ प्रश्नाला एवढ्या प्रदक्षिणा घालण्याची आवश्यकता नाही, असे मला नम्रपणे वाटते. वॉल्टर मिशेल यांनी 1968 मध्येच याचे उत्तर दिले आहे. प्रश्नावलीवरून मोजलेला गुणविशेष आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातील प्रत्यक्ष वागणे यांतील सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे माप, 0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) क्वचितच 0.30 च्या वर जातो, असे त्यांनी उपलब्ध संशोधन चाळून दाखवले. याचा वर्ग केला तर 0.09, म्हणजे वागण्यातील फरकांपैकी जेमतेम 9 टक्क्यांचा उलगडा होतो. त्याच्याही आधी, 1928 मध्ये, हार्टशोर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांना परीक्षेत, खेळात, घरच्या अभ्यासात फसवणूक करण्याची संधी देऊन पाहिले होते. एका चाचणीत प्रामाणिक राहिलेला मुलगा दुसरीत प्रामाणिक राहीलच असे नव्हते आणि निरनिराळ्या चाचण्यांतील सहसंबंध सरासरी 0.23 च्या आसपास होता. ‘प्रामाणिक मुलगा’ ही वस्तू त्या शाळांत सापडली नाही. प्रामाणिक उत्तरपत्रिका मात्र सापडल्या.

कोशवाचकांची शब्दयादी सुंदर आहे. परंतु भाषेत भुतांसाठीही भरपूर शब्द आहेत.

---

दूरशिक्षणार्थी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साशंक यांचा प्रतिसाद वाचून माझी अवस्था अधिक बिकट झाली आहे. जर 9 टक्केच हाती लागत असतील, तर मग आपल्याला ओळखीच्या माणसांचा अंदाज इतका ठामपणे कसा येतो? माझे वडील लग्नाच्या मांडवात कोणाशी भांडतील, हे मी निघण्यापूर्वी सांगू शकतो आणि आजवर चुकलेलो नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण सगळ्यांचा मिळून एक भ्रम आहे, असे मानायचे का?

---

अध्यापक

साशंक यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण गोष्ट 1968 मध्ये थांबली नाही. तिचा उत्तरार्ध सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडील कित्येक टिपणांत तो गाळलेला असतो.

सुनील गावसकर यांनी 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध 174 चेंडू खेळून नाबाद 36 धावा केल्या. त्याच गावसकरांनी 1987 च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. एका डावावरून दुसऱ्याचे भाकीत करू पाहणारा तोंडघशी पडला असता. म्हणून ‘गावसकरांचे कौशल्य’ अशी काही चीज नाही, असे कोणी म्हणेल का? कसोटीतील 51.12 ही सरासरी एका डावाविषयी फार काही सांगत नाही, परंतु एकूण कारकिर्दीविषयी पुष्कळ सांगते. सीमोर एपस्टाइन यांनी 1979 मध्ये नेमके हेच दाखवले. विद्यार्थ्यांच्या भावना आणि वागणे यांच्या रोजच्या नोंदी घेऊन एका दिवसाची दुसऱ्याशी तुलना केली, तर सहसंबंध क्षीण निघतो. अनेक दिवसांच्या सरासरीची तेवढ्याच इतर दिवसांच्या सरासरीशी तुलना केली, तर तो कितीतरी बळकट होतो. हार्टशोर्न आणि मे यांच्या मुलांबाबतही हेच लागू पडते. एकेका चाचणीऐवजी अनेक चाचण्यांची गोळाबेरीज घेतली, की ‘प्रामाणिक मुलगा’ धूसरपणे का होईना, दिसू लागतो.

9 टक्क्यांविषयी आणखी एक. ‘उरलेले 91 टक्के परिस्थितीचे’ असे आपण मनातल्या मनात धरून चालतो, पण तसे कोणी मोजले नव्हते. फंडर आणि ओझर यांनी 1983 मध्ये परिस्थितीचा प्रभाव दाखवणारे सुप्रसिद्ध प्रयोग घेतले. सांगितल्यावरून माणसे दुसऱ्याला विजेचे झटके देत जातात का, हे पाहणारा मिलग्रॅम यांचा आज्ञापालनाचा प्रयोगही त्यांत होता. त्यांच्या निष्कर्षांचे त्यांनी सहसंबंधात रूपांतर केले, तर ते 0.4 च्या आसपास निघाले. म्हणजे परिस्थितीचा ज्या प्रभावाने सारे जग हादरले, तो गुणविशेषांच्या प्रभावाहून फार मोठा नव्हता. दोन्ही पारडी हलकी आहेत, कारण माणसाचे एकेक वागणे असंख्य गोष्टींच्या गर्दीतून घडते.

पण मिशेल यांची खरी देणगी यानंतरची आहे आणि आपल्या वडिलांच्या उदाहरणाचे उत्तर तिच्यात आहे. शोदा, मिशेल आणि राइट यांनी अमेरिकेतील एका उन्हाळी शिबिरात वर्तनसमस्या असलेल्या मुलांचे आठवडेच्या आठवडे निरीक्षण केले आणि ते 1994 मध्ये प्रसिद्ध केले. मूल किती आक्रमक आहे एवढेच त्यांनी मोजले नाही, तर कशानंतर आक्रमक होते तेही टिपले. बरोबरीच्या मुलाने चिडवल्यावर, बरोबरीचे मूल मैत्रीने जवळ आल्यावर, मोठ्यांनी शाबासकी दिल्यावर, समज दिल्यावर, शिक्षा केल्यावर. एकूण आक्रमकता सारखीच असलेली दोन मुले येथे पूर्णपणे वेगळी निघाली. एक मोठ्यांनी समज दिली की उसळायचे, पण सवंगड्यांचे चिडवणे गिळायचे. दुसऱ्याचे नेमके उलट. आणि हा ‘असे झाले तर तसे’ नमुना प्रत्येक मुलाचा बराचसा स्थिर होता. याचाच सिद्धान्त मिशेल आणि शोदा यांनी 1995 मध्ये मांडला. विसंगती म्हणून जी हिशेबातून वगळली जात होती, तीच त्या व्यक्तीची सही निघाली.

आपण वडिलांचे भाकीत करता, तेव्हा ‘ते भांडखोर आहेत’ या एका वाक्यावरून करत नसावात. ‘मानपानात कोणी डावलले तर’ हा पहिला अर्धा भाग आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण चुकत नाही. प्रश्नावलीला तो ठाऊक नसतो.

औषधाविषयीच्या म्हणीबद्दल एवढेच, की रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 92 दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात वयाबरोबर सरासरी कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य वाढते आणि ही वाढ विशेषतः विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते, असे आढळले. तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव गिलाव्यासारखा घट्ट होतो, असे विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये म्हटले होते. त्यांचा गिलावा तितका लवकर सुकत नाही असे दिसते.

---

समुपदेशक

चर्चेचा स्तर पाहून लिहिण्याचे धाडस करते. रोज समोर बसलेल्या माणसाशी बोलणे हाच माझा व्यवसाय असल्याने माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. एखाद्या व्यक्तीचे पाचही घटकांवरील गुण मला कळले, तर मला ती व्यक्ती कळली का? डॅन मॅक्अ‍ॅडम्स यांनी 1990 च्या दशकात हाच प्रश्न विचारला आणि गुणविशेषांना ‘अनोळखी माणसाचे मानसशास्त्र’ म्हटले. आगगाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशाविषयी तासाभरात जे कळते, तेवढेच. त्याच्या वरच्या पातळीवर त्यांनी व्यक्तीची ध्येये, काळज्या, मूल्ये, सामना करण्याच्या रीती ठेवल्या, आणि त्याहून वर तिने स्वतःच्या आयुष्याची रचलेली कथा.

माझ्या अनुभवात ही तिसरी पातळीच सर्वांत जास्त हलते. दोन व्यक्तींची भावनिक अस्थिरता सारखीच तीव्र असू शकते, घटनाही सारख्याच असू शकतात. एक म्हणते, ‘त्या वर्षी सगळे संपले.’ दुसरी म्हणते, ‘त्या वर्षापासून मी स्वतःच्या पायांवर उभी राहिले.’ गुणविशेषांच्या आलेखावर या दोघी शेजारी-शेजारी असतील. माझ्या खोलीत मात्र त्यांच्याशी करायचे काम पूर्णपणे वेगळे असते. धागाकर्त्यांच्या भाषेत सांगायचे, तर येथे व्यक्तिमत्त्व हे वागण्याचे कारणही नाही आणि वागण्याला दुसऱ्याने दिलेले नावही नाही. ते माणसाने स्वतःच स्वतःला दिलेले नाव आहे, आणि ते नाव पुढच्या वागण्याचे कारण होते.

अध्यापकांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. फ्रॉइड ‘पकडीत येत नाहीत’ म्हणून त्यांना बाजूला ठेवता येणार नाही. आपण सांगतो त्या कथेत आपण काय गाळतो, हा प्रश्न त्यांच्याशिवाय कोणी इतक्या चिकाटीने विचारलेला नाही. त्यांची उत्तरे मी क्वचितच वापरते. तो प्रश्न मात्र रोज वापरते.

---

साशंक

एपस्टाइन आणि शिबिराचा अभ्यास यांविषयी अध्यापकांचे म्हणणे मान्य. माझे विधान अपुरे होते. परंतु ‘असे झाले तर तसे’ या नमुन्याला गुणविशेष म्हणू नये, एवढा आग्रह मी धरतो. ‘आक्रमक’ या एका शब्दाने त्या दोन मुलांतील फरक पुसलाच होता. भाषा सरासरी काढते आणि सरासरीत माणूस हरवतो, हा माझा मुद्दा कायम आहे.

---

कोशवाचक

भुतांवरून मारलेला टोला मी खिलाडूपणे घेतला होता, पण आता उत्तर देण्याची संधी मिळाली आहे. भाषा नेहमीच सरासरी काढते, हे खरे नाही. माझ्या यादीतील शेवटचा शब्द घ्या, ‘भिडस्त’. भीड कोणाची तरी पडते. वडीलधाऱ्याची, पाहुण्याची, उपकारकर्त्याची, चार लोकांची. भिडस्त माणूस सगळीकडेच गप्प नसतो. घरी तो बायकोमुलांवर डाफरेल, मित्रांत तासन्‌तास गप्पा मारेल, पण ज्याची भीड वाटते त्याने उसने पैसे मागितले, तर त्याच्या तोंडून ‘नाही’ निघणार नाही. ‘समोर अमुक प्रकारचा माणूस असला तर नकार देता येत नाही’ हे संपूर्ण ‘असे तर तसे’ या एका शब्दात आहे. ‘तोंडपुजा’ हाही तसाच. तो वरच्यासमोर लवतो, खालच्यासमोर नाही, आणि समोर कोण आहे हे वगळले तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

असे शब्द अंतर्मुख-बहिर्मुखाच्या मापाने मोजायला घेतले, तर ते मध्यावर कोठेतरी पडतील आणि विश्लेषणात ‘अस्पष्ट’ म्हणून गळून जातील. मराठी शब्दांचा असा अभ्यास कोणी हाती घेतलाच, तर गळलेल्या शब्दांची यादी कृपया जपून ठेवावी. मला आधी ती पाहायची आहे.

धागाकर्त्यांचे ते सहकारी जेवणाच्या सुट्टीत कोणाशीच बोलत नाहीत, की त्या टेबलावर नेमके कोण बसते म्हणून बोलत नाहीत, हे एकदा पाहावे.